गुल्लक कोणाची? शाळा व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष भाऊ आणि सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद शाळा,
जिल्हा यवतमाळ

दि. १८ डिसेंबर २०२५

सगळ्यांना नमस्कार.

मी शाळेसमोरच्या किराणा दुकानातली बाई. तुमच्यापैकी बहुतेकांची उधारी माझ्या वहीत आहे, तेव्हा जास्त ओळख सांगायची गरज नाही. सोळा वर्षांपासून आमच्या बचत गटाची सचिव आहे आणि दोन्ही पोरं याच शाळेत शिकली, एवढं मात्र सांगून ठेवते. पुढं जे बोलणार आहे ते याच दोन गोष्टींच्या जोरावर.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा समितीनं ५८ लेकरांना मातीच्या गुल्लका वाटल्या. कुंभाराला काम मिळालं, लेकरं खूश झाली, फोटोही निघाले. आता २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की त्या गुल्लका स्टेजवर फोडायच्या, पैसे माईकवर मोजायचे आणि ज्याचे जास्त निघतील त्याला सायकल, असं ठरलं आहे. कल्पना चांगल्या मनानं काढली यात मला शंका नाही. पण ही स्पर्धा रद्द करावी, अशी माझी विनंती आहे.

हे मी आधी दोन सदस्यांना दुकानातच बोलले. एक हसून म्हणाले, ‘वहिनी, लेकरं खाऊ घेईना झाले म्हणून तुमाले राग आला काय?’ खरं आहे, विक्री कमी झाली. पाच रुपयांच्या पाकिटांची लडी आधी दोन दिवसांत संपायची, आता चार दिवस लटकून राहते. तो तोटा मला परवडतो. मला दुसरं काही दिसतंय, आणि ते काउंटरच्या या बाजूनंच दिसतं, म्हणून लिहायला बसले.

पाचवीतला एक पोरगा एका आठवड्यात तीनदा पन्नासची नोट घेऊन सुटे मागायला आला. कोणाचे रे, विचारलं तर म्हणे बाबानं देल्ले. त्याच्या बापाला मी ओळखते. तो माणूस बिडीचं बंडल उधार नेतो. मी पुढं काही विचारलं नाही आणि तुम्हीही शोध लावत बसू नका. पण दहा वर्षांचा हा पोरगा सायकलीसाठी काय काय करायला लागला असेल याचा विचार करा. दुसरीकडं, गावातल्या एका बऱ्या घरचे भाऊ माझ्याकडून शंभराच्या कोऱ्या नोटा बदलून नेतात आणि पोराच्या गुल्लकीत घडी करून टाकतात. हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं. म्हणजे सायकल त्या पोराला मिळणार हे आजच ठरलेलं आहे.

आणि तिसरीतली ती सालदाराची, म्हणजे सालगड्याची, पोरगी. गुरुवारी बाजाराच्या दिवशी तिची माय तिला दोन रुपये देते. ती माझ्याकडं येते, दोनचं नाणं काउंटरवर ठेवते आणि एक-एकची दोन नाणी मागते. पहिल्यांदा मला समजलं नाही. म्हटलं, दोन रुपये ते दोन रुपयेच न बाई, कायले बदलतं? तर म्हणे, ‘काकू, दोन टाकले तं जास्त वाजते.’

२६ जानेवारीला माईकवर या पोरीच्या नावापुढं बावीस-चोवीस रुपये वाचले जातील. सगळ्या गावासमोर. तिच्या मायला तेव्हा कुठं बघावं ते कळणार नाही. तिनं एक आठवडाही खाडा केला नाही, हे मात्र त्या आकड्यात कुठंच दिसणार नाही. बचत शिकवायची तर या पोरीला काय शिकवायचं राहिलंय? तीच बाकीच्यांना शिकवू शकते.

गुल्लका वाटल्या त्या दिवशीच्या भाषणात गाडगेबाबांचं नाव घेतलं गेलं. परवा २० तारखेला त्यांची पुण्यतिथी आहे, तेव्हाही घेतलं जाईल. बाबा आपल्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. पण कर्ज काढून सण करू नका, लग्नात-तेरवीत पैसा उधळू नका, पोटाला चिमटा घ्या पण लेकरांना शिकवा, हे ते कोणाला सांगत होते? कीर्तनात समोर बसलेल्या बाप्यांना आणि बायांना. आपण मात्र त्यांचं नाव घेऊन सात वर्षांच्या लेकराला सांगतो की बाबू, पाच रुपये उडवू नको. आणि त्याच आठवड्यात घरच्या वास्तूला डीजे लावतो.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील.

२०१७ साली बोंडअळीनं काय केलं ते कोणाला सांगायला नको. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. त्या वर्षीचा कापूस वेचायची मजुरीही निघाली नाही. पुढच्या जूनमध्ये पाऊस तोंडावर आला, पीक कर्जाची फाईल बँकेत पडलेली, आणि घरात रोख म्हणावी अशी काहीच नाही. बियाण्याची एक थैली तेव्हा ७४० रुपयांना होती. तीन थैल्यांची सोय कशीतरी झाली, चौथीची होईना. माझा मोठा तेव्हा नऊ वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलेला. त्याची गुल्लक देवघराच्या फळीवर होती. दोन वर्षांचा तान्ह्या पोळ्याचा बोजारा, म्हणजे लाकडी बैल घेऊन घरोघर गेल्यावर मिळालेले पैसे, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेले, आजीनं दिलेले, सगळं त्यात. मी ती फोडली. ६४० रुपये निघाले. शंभर दुकानाच्या गल्ल्यातले घातले आणि थैली आली.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी पोरगा परत आला. मामानं त्याला पन्नासची नोट दिली होती. पायातली चप्पल न काढता तो सरळ फळीपाशी गेला. नोट हातात धरून उभा राहिला. मग वळून म्हणाला, ‘आई, माही गुल्लक कुठी हाय?’ मी सांगितलं, ‘तुह्याच वावरात पेरली बाबू.’ मला वाटलं मी फार हुशारीचं बोलले. तो काही बोलला नाही. बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत त्या पन्नास रुपयांचं त्यानं काय केलं कोणास ठाऊक, घरी आला तेव्हा हात रिकामे होते.

त्यानंतर या पोरानं कधी पैसे साठवले नाहीत. हातात आले की त्याच दिवशी संपवतो. आज तो सोळा वर्षांचा आहे, आयटीआयला आहे, आणि त्याचा बाप म्हणतो की याच्या हाताला भोक आहे. भोक कोणी पाडलं ते मला माहीत आहे.

मी त्याचे पैसे घेतले याचं मला आजही फार वाईट वाटत नाही. पेरणी अडली असती तर त्याच्याच ताटातलं गेलं असतं. पण मी त्याला विचारलं नाही, कुठं लिहून ठेवलं नाही, आणि कापूस विकला तेव्हा परत केलं नाही. गटात कोणी असं केलं असतं तर मीच सगळ्यांआधी बोलले असते. आमच्या गटात नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लिहिणं अशी पंचसूत्री आहे, मी ती नव्या बायांना पाठ करून घेते. बायांच्या वीस रुपयांसाठी एवढे नियम, आणि पोटच्या पोराच्या ६४० रुपयांसाठी एकही नाही.

या दिवाळीत मी त्याला ते पैसे परत द्यायला काढले. पोट्टा काय म्हणाला? ‘गटाच्या भावानं व्याज लाव.’ आमच्या गटात शेकडा दोन महिन्याला चालतं. त्यानं मोबाईलवर हिशोब केला. ८८ महिने, महिन्याला १२ रुपये ८० पैसे, व्याज झालं १,१२६ रुपये ४० पैसे. मुद्दल धरून १,७६६ रुपये ४० पैसे. मी चाळीस पैसे सोडायला लावले आणि बाकी दिले. हसत हसत झालं सगळं, पण व्याज किती वाढतं ते मला त्या दिवशी पोटात समजलं. गटात तोच भाव मी सोळा वर्षं लावत आले आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका घरची गोष्ट. नाही भाऊ. पाहुणा निघताना लेकराच्या हातावर नोट ठेवतो, आणि पाहुणा फाटकाबाहेर गेला की माय म्हणते, ‘आण इकडं, मी ठेवते.’ ते ‘मी ठेवते’ म्हणजे काय हे गावातल्या प्रत्येक लेकराला माहीत आहे. सांगा, यातल्या किती जणींनी ते पैसे कधी परत दिले? मी तर नाही. जूनमध्ये, नाहीतर कोणी दवाखान्यात भरती झालं की, घरात सगळ्यात आधी फुटते ती लेकराची गुल्लक, कारण तिला व्याज नाही, जामीनदार नाही आणि ती भांडत नाही. लेकरू त्यातून एकच शिकतं. साठवलेलं आपलं राहत नाही. खाल्लेलं तेवढं आपलं. मग तुम्ही कितीही गुल्लका वाटा.

म्हणून समितीनं लेकरांच्या आधी पालकांची बैठक घ्यावी असं माझं म्हणणं आहे. कायद्यानं या समितीत चारात तीन पालक असतात आणि निम्म्या बाया. त्यासाठीच हे पत्र मी वरच्या साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहितेय. बैठकीत एकच गोष्ट ठरवायची. लेकराच्या पैशाला हात लावायचा असेल तर त्याला विचारायचं, त्याच्याच वहीत तारीख टाकून लिहायचं, परत कधी देणार ते सांगायचं, आणि विकलेल्या मालाचा चुकारा हातात आला की किराण्याच्या आधी ते द्यायचं. माझ्या उधारीच्या आधी द्या, चालेल मला.

लेकरांना घरची परिस्थिती सांगू नये, त्यांच्या मनावर ओझं येतं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ओझं आलेलंच असतं. हप्तेवाल्याची गाडी कोणत्या वारी येते ते लेकरांना पाठ असतं. त्या दिवशी माय घरात असून ‘नाही म्हण’ सांगते, हेही त्यांनाच सांगावं लागतं. काय आहे ते कोणी बोलत नाही, म्हणून लेकरू आहे त्याच्या दुप्पट समजून बसतं. चार-पाच महिन्यांपूर्वी सहावीतली एक पोरगी येऊन हळूच विचारायला लागली, ‘काकू, आमच्यावर किती उधारी हाय?’ दुसऱ्याच्या घरचा हिशोब लेकराला कसा सांगू? मी म्हटलं, मायला घेऊन ये. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मी पान उघडून दिलं. पोरीनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, तेल, साखर, साबण, चहापत्ती, आणि खाली येऊन थांबली. ‘काकू, हे चुकलं.’ अठरा रुपये जास्त धरले होते मी. माझीच बेरीज चुकली होती. मायनं एवढी वर्षं ते पान कधी तपासलं नव्हतं, आणि मीही कधी तपासा म्हटलं नव्हतं. तेव्हापासून ती पोरगी दर महिन्याला येते आणि पान तपासते. तिला उधारीची भीती वाटत नाही आता. मलाच जरा वाटते.

शाळेत काय शिकवावं, तर हे. २०२४ पासून शासनाचा ‘आनंददायी शनिवार’ आहे, त्यात रोजच्या आयुष्यातलं पैशाचं व्यवस्थापन हाही विषय आहे. गुरुजी आणि मॅडमवर आणखी एक रजिस्टर टाका असं मी म्हणत नाही, पोषण आहाराच्या नोंदीतच त्यांचा दिवस जातो हे मला दिसतं. शनिवारी गटाच्या दोन बाया पाळीनं येतील. माझ्या दुकानातला काटा मी आणीन.

काट्याचं सांगते. मागच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत पाच-सहा पोट्टे दुकानात होते. शेजारणीचा वेचलेला कापूस ओसरीत होता. यंदा वेचाई किलोला दहा रुपये चालू आहे. मी अर्धा किलो कापूस काट्यावर टाकला. ओंजळी-ओंजळीनं टाकावा लागला, तागडी पार झाकून गेली. म्हटलं, पाच रुपयांचं पाकीट पाहिजे न, मग आई एवढा वेचते तेव्हा ते येतं. एका बोंडातून चार-पाच ग्रॅम निघतो. मग बोंडं किती झाली ते मोजा. चौथीतल्या पोरानं बोटांवर करून सांगितलं, शंभरावर. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग तोच म्हणाला, ‘मंग काकू, तुमी हे पाकीट इकता कायले?’

उत्तर नव्हतं माझ्याकडं. लेकरांना लाजवायला हा हिशोब वापरू नका, हे मी त्या दिवशी शिकले. आईच्या घामाची आठवण काढून लेकराच्या तोंडातला घास कडू करायचा नसतो. त्यापेक्षा दुसरा हिशोब बरा. पाकिटामागं वजन छापलेलं असतं. बारा ग्रॅम असेल तर पाच रुपयांना बारा ग्रॅम म्हणजे किलोचा भाव चारशे सोळाच्या वर. फुटाण्याचा भाव माझ्याकडं एकशे वीस. पोट्ट्यांनी हे केलं आणि दोघांनी पाच रुपयांचे फुटाणे घेतले, तिघांनी पाकीटच घेतलं. घेऊ द्या. भाव माहीत असून घेतलं तर ती त्यांची खुशी.

असे हिशोब आपल्या गावात पडल्या जागी आहेत. सावकाराची सवाई आणि दीडी पाचवीच्या पोराला सहज समजते. जूनमध्ये दहा हजार सवाईनं घेतले तर कापूस निघाल्यावर साडेबारा द्यायचे, सहा महिन्यांत पाव पट. त्यातून वर्षाचा दर काढायला सांगा, पोरं पन्नास टक्के काढतील, आणि घरी जाऊन बापाला विचारतील. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली होती. हाताच्या कामातून शिकायचं, सूत कातता-कातता गणित यायचं, असा तो नई तालीमचा विचार. वर्धा आपल्यापासून किती दूर आहे? आपल्या पोरांना मात्र गणिताच्या पुस्तकात सफरचंदं मोजायला लावतात. आपण कापूस मोजू.

बचतीसाठी माझी सूचना अशी. चौथी ते सातवीच्या लेकरांचा, बायांच्या गटासारखा गट करा. दर शनिवारी प्रत्येकानं दोन रुपये. सगळ्यांचे सारखे, ना जास्त ना कमी. सालदाराच्या लेकरालाही जमेल तेवढाच आकडा धरायचा. ज्याच्या बापाकडं ट्रॅक्टर आहे त्यानंही दोनच टाकायचे, मग कितीही रडू द्या. चार वर्गांची मिळून ३१ लेकरं आहेत, म्हणजे आठवड्याला ६२ रुपये. पत्र्याची पेटी एकाकडं, किल्ली दुसरीकडं, वही तिसऱ्याकडं, आणि तिघं दर महिन्याला बदलायचे. कोणाची कंपासपेटी मोडली, वही संपली, तर गटातून उसने मिळतील, परत कधी देणार ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. व्याज लावू नका. व्याज काय असतं ते फळ्यावर शिकवा, एकमेकांच्या खिशातून काढायला नको. पहिली ते तिसरीच्या लेकरांना यात घेऊ नका. त्यांनी खोटं दुकान मांडून सुटे मोजावेत. आजकाल पोट्टे बापाचा मोबाईल आणतात, स्कॅन करतात, डबा ओरडतो की पैसे आले, आणि लेकरू निघून जातं. वीसमधून तेरा गेले की किती परत घ्यायचे, ते त्याला कधी मोजावंच लागत नाही. दुसरीतल्या पोराला मी मुद्दाम एक रुपया कमी देऊन बघते. दहात आठ जण न मोजता खिशात घालतात. (मग बोलावून देते. गैरसमज नको.)

माझ्या वेळी शाळेत संचयिका होती. गुरुजी चार आणे, आठ आणे घ्यायचे आणि पुस्तिकेत सही करायचे. माझ्या पुस्तिकेत एकदा सव्वाअकरा रुपये झाले होते, तो आकडा मी अजून विसरले नाही. त्या पुस्तिकेला घरी कोणी हात लावू शकत नव्हतं, कारण पैसे शाळेत. त्यात सगळी गंमत होती.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या लेकराला बँकेत स्वतःचं खातं उघडून स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना तसं पुन्हा कळवलं आहे, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते. पोस्टातही दहाच्या वर लेकराची स्वतःची सही चालते, पण तिथं पाचशे रुपये कायम ठेवावे लागतात. वर्षअखेर त्याच्या खाली गेलं की पन्नास कापतात. हे आधी सांगा, नाहीतर पोराला वाटेल पोस्टानंही गुल्लक फोडली. ज्यांना जमेल त्यांनी पोस्टात महिन्याला शंभरची आवर्ती ठेव सुरू करावी. सध्याच्या ६.७ टक्के दरानं पाच वर्षांत सहा हजार भरले की ७,१३७ च्या आसपास हातात येतात. पाचवीत सुरू केली तर दहावीला उपयोगी पडेल.

सुकन्या योजनेबद्दलही बाया विचारतात. चांगली आहे, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडा, वर्षाला किमान अडीचशे. पण ती मायबापाची बचत झाली, लेकरू त्यातून काही शिकत नाही. दोन्हींची गल्लत करू नका. आणि शिष्यवृत्तीसाठी शाळेनं जी खाती उघडली होती, त्यांची पासबुकं पेट्यांत पडून आहेत, ती बाहेर काढा. १ एप्रिल २०२४ पासून अशी शिष्यवृत्तीची शून्य शिल्लक खाती व्यवहार नाही म्हणून बंद खात्यात टाकता येत नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एक दिवस सगळ्यांनी मिळून बँकेत जाऊ, लेकरांना घेऊन. स्वतःच्या नावाच्या पासबुकावर मशीननं ओळ छापताना त्यांना बघू द्या.

शेवटचं, आणि हे स्पर्धा झाली काय, न झाली काय, तरी लागणारच आहे. गुल्लकी फुटल्या की त्यातून दहाची नाणी निघतील. आपल्या भागात दहाचं नाणं कोणी घेत नाही. रुपयाचं चिन्ह आहे ते खरं, नाही ते खोटं, दहा रेघांचं चालतं, पंधराचं नाही, असल्या गोष्टी. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आणि चौदाही खरे. तरी मी स्वतः घेत नव्हते, कारण तालुक्याचा ठोकवाला माझ्याकडून घेत नाही. मागच्या वर्षी एका पोरानं गुल्लक फोडून बॅट घ्यायला नाणी मोजून नेली, आणि तीन दुकानांतून परत आला. तिसरं दुकान माझं होतं. साठवलेले पैसे पैसेच नाहीत, असं आम्ही तिघांनी मिळून त्याला सांगितलं. ग्रामसभेत ठराव घ्या की गावातली सगळी दुकानं, पानठेले, चक्की आणि ऑटोवाले दहाचं नाणं घेतील. मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. साठलेली नाणी बँकेत नेली, कॅशियरनं तोंड वाकडं केलं, पण घेतली.

सायकल ज्यांनी दिली त्यांचा मान राहिला पाहिजे. ती शाळेच्या नावानं ठेवा. आठवीला पुढच्या गावी जाणाऱ्या पोरींनी पाळीनं वापरावी. २६ जानेवारीला गुल्लका स्टेजवर फोडू नका, ज्याची त्यानं घरी, मनाला येईल तेव्हा फोडावी. कोणाचे किती निघाले ते कोणी विचारू नये.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, २७ तारखेला, शाळा सुटल्यावर मी वही आणि पत्र्याची पेटी घेऊन व्हरांड्यात बसते. गटाच्या आणखी दोघी येतील. समितीतल्या कोणी यावं, निदान बायांनी तरी.

आपली,
शाळेसमोरच्या दुकानातली वहिनी

ता. क. : ज्यांच्या घरी दहाची नाणी पडून असतील त्यांनी ती बिनधास्त आणावीत. उधारीतही जमा करून घेईन. पान मात्र लेकरासमोर तपासायचं.